पिशवीतल्या मातीतलं फळ

बाळंतपनाला म्हनून आयर्लंडला आले आन् झुडपांच्या राखनीला बसले. सुनेचं पोट जानेवारीतच रिकामं झालं, चवथ्या महिन्यात. तवर लेकानं माझं मे महिन्याचं तिकीट काढलेलं. मग मी तशीच आले. डिंक, आळीव, जुन्या लुगड्याची दुपटी, सगळं पेटीत बांधलेलं तसंच पलंगाखाली सरकवलं.

लेकाचं घर लिक्सलिपला. तिथं कंप्युटरच्या चिपा बनवायचा मोठा कारखाना हाय, त्यात तो इंजिनेर. घरामागं गवत, आन् गवतावर दोन थोरल्या कुंड्या. कुंडीत गुडघाभर काटक्या. मी विचारलं, हे काय. तर म्हनं ब्लूबेरी. बायकोचं मन रमावं म्हनून आनलेली. बायकोचं मन रमवायला नवऱ्याला काटक्या आनाव्या लागल्या, तितंच मी काय ते समजले.

त्या काटक्यांचे लाड काय सांगू. ह्या मुलखात जिकडं बघावं तिकडं माती, आन् ह्यांची माती दुकानातनं पिशवीत येनार. का, तर हितल्या मातीत चुना लई, आन् ह्यांना आंबट माती लागती. नळाचं पानी चालत न्हाई. पन्हाळीतनं गळलेलं पावसाचं पानी पिंपात धरायचं आन् तेच पाजायचं. पाखरं खात्यात म्हनून वर जाळी.

आमच्याकडं जाळी म्हनजे करवंदीची. डोंगरभर व्हती, तिला कुनी पेलाभर पानी दाखवलं न्हाई. दुष्काळाच्या साली पोटात पोर घेऊन मी भर उन्हात करवंदं तोडायचे. काट्यानं हात रगताळायचे. पळसाच्या पानाचे द्रोन भरून एसटी थांबायची तिथं इकायला बसायचे. उरली तर तीच भाकरीसंगं. ते पोर सातव्यात गेलं. त्याच संध्याकाळी मी चूल पेटवली. न पेटवून जाते कुठं.

पन निदान आळीतल्या बाया येऊन रडून तरी गेल्या. हितं रडायलाबी मानूस न्हाई. सून सकाळी लॅपटॉपपुढं बसायची ती संध्याकाळपतूर. ताट वाढून दिलं तर दोन घास चिवडून झाकून ठेवायची. कुनी विचारलं कशी हायेस, तर म्हनायची, ग्रँड. कुंपनापल्याडच्या म्हातारीला ग्रँड. पुन्याहून आई फोनवर विचारायची, तिलाबी ग्रँड. लेकाला म्हनलं, ह्याचा अर्थ तरी काय. म्हनला, बरं आहे, छान आहे, ठीक आहे, काहीही. म्हंजे कायच न्हाई. फुकाचा शब्द. दुखतंय त्याला दुखतंय म्हनायला काय जीभ झडती का. लेकबी त्यातलाच. तो विषय निघाला की कुंड्यांना पानी घालाय पळायचा.

आन् मग त्या काटक्यांना फुलं आली. पांढरी, बारीक, उलट्या गाडग्यागत. त्या दिवशी सून चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशीबी. चहा सगळा संपवला.

शनिवारी लेक फोनात कायतरी बघून भाईर आला आन् फुलं खुडाय लागला. सून पायरीवरच. तिनं विचारलं, काय करतोयस. तो मान वर न करता म्हनला, "पहिल्या वर्षीची फुलं काढून टाकायची असतात. झाड लहान आहे, त्याला पेलवत नाही. पुढच्या वर्षी भरपूर येतील."

सुनेनं कप खाली ठेवला आन् आत गेली. हा खुडतोयच. एवढा शिकलेला, पन आपन काय बोललो हे त्याला कळंना. मी जाऊन त्याचा हात धरला.

"ठेव ती फुलं."

"अगं आई, इथे स्पष्ट लिहिलंय."

"लिहिनाऱ्याला तुझी बायको ठावं न्हाई. तुला तरी कुठं हाय. पुढच्या वर्षी म्हनं. दवाखान्यातबी तिला हेच ऐकवलंस का?"

त्याचं तोंड उतरलं त्यावरनं कळलं, ऐकवलं व्हतं.

एक झुडूप त्यानं बोडकं केलेलं. दुसऱ्याला मी हात लावू दिला न्हाई. तो आत गेला. दार लोटलेलं तरी मला ऐकू येत व्हतं. आधी तिचाच आवाज, मोठा, मग त्याचा बारीक, मग दोघांचं रडनं. मी गवतावर बसून राहिले. पाऊस आला. त्याला हितं दुसरं कामच न्हाई.

जुलै सरताना फळं पिकाय लागली. निम्मी तर पाखरांनीच खाल्ली, जाळीखालनं घुसून. असली ती जाळी. उरली मूठभर. सुनेनं एक तोडून तोंडात टाकलं. मी विचारलं, कसं हाय.

"ग्रँ..." म्हनाय गेली आन् तिचा एक डोळाच मिटला. "नाही हो आई. आंबटढाण आहे."

"मग थुक."

"नको." चावत राहिली. लेकानं माझ्या त्या सातव्यात गेलेल्या पोराचं कधी सांगितलं असंल तिला. गिळून म्हनली, "आई, तुमचं पहिलं... मुलगा होता की मुलगी?"

हे मला आजवर कुनी विचारलं न्हाई. नवऱ्यानंबी न्हाई. म्हनलं, मुलगी. डोक्याला केस लई व्हते.

तिनं एक काळंनिळं फळ बघून तोडलं आन् माझ्या हातावर ठेवलं. खाल्लं. नुसतं गुळचट पानी. ना दाताखाली बी, ना व्हटाला चीक. करवंदाची सर त्याला सात जन्मात यायची न्हाई. ह्याच्यासाठी पिशवीतली माती आन् पावसाचं पानी.

मी म्हनलं, असल्यानं कुनाचं पोट भरतंय. आत चल, भाकरी टाकते.

ती म्हनली, "मला दोन टाका."