मागच्या खोलीची वही

मुहोंजा आमच्या शेजारच्या अयुमाची थोरली. चहाच्या मळ्यात आईच्या पाठीवर वाढली आणि पुढे नैरोबीला जाऊन कॉम्प्युटर शिकली. तिथं एका कंपनीत बरी नोकरी होती. लोकांची नावं, फोन नंबर, कोण कुठे जातो, कोणाशी बोलतो, हे गोळा करायचं आणि त्यांना न विचारता तिसऱ्यालाच द्यायचं, असं ते काम. दोन वर्षांनी ती म्हणाली, माझं मन घेत नाही, आणि नोकरी सोडून घरी आली. अयुमा महिनाभर तिच्याशी नीट बोलली नाही.

मग तिनं संशोधन काढलं. माणसाची खाजगी गोष्ट खाजगी कशी राहते, हा विषय. त्यासाठी म्हणे कॉम्प्युटर हवा, आम्हा क्वेकर पंथाच्या ख्रिस्त्यांचा इतिहास हवा आणि घरं बांधायचं शास्त्रही हवं. विद्यापीठातल्या प्राध्यापकांना कळेना, हिला कुठल्या खात्यात बसवावं. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, आमच्या प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत बसवा. तिचा सगळा जीव त्या खोलीतच होता.

ती खोली आमच्या आयांनी डोक्यावरून विटा वाहून बांधली. रस्त्याकडे खिडकी नाही. दारासमोर आडवी भिंत, म्हणून आत कोण बसलंय ते वाटेवरून दिसत नाही. उजेड वरून, छपराजवळून येतो. महिन्यातून एकदा बाया तिथं बसत. जिला जे सलत असेल ते ती सांगे आणि चिटणीस बाई वहीत लिहून घेई. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी आधी ही खोली बघावी, असं मुहोंजाचं म्हणणं. तिनं टेप लावून भिंती मोजल्या. मला आत बसवून हळू आवाजात बोलायला लावलं आणि स्वतः बाहेर कान लावून उभी राहिली. मी इगुंझा मास्तरांच्या दुसऱ्या लग्नाच्या खटपटीबद्दल बोलले. मास्तर म्हणजे आमच्या सभेचे प्रमुख. बाहेर काही ऐकू आलं नाही म्हणाली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तीन वर्षं असं चाललं. मग प्राध्यापकांनी सांगितलं, खोली ठीक आहे, पण बाया बोलल्या काय? त्या वहीतलं जूनअखेर दाखवा, नाहीतर डॉक्टरेटची पदवी नाही. मुहोंजानं सभेला विनंती केली, वही वाचू द्या, नावं मी झाकते.

त्या आठवड्यात ती माझ्याकडे भुईमूग सोलायला बसली होती. मी म्हटलं, "पोरी, आपल्या गावात सात मुली आणि लंगडी गाय म्हटलं की नाव कशाला लागतं?"

ती सोलतच राहिली. "माहीत आहे, आजी. तेच तर शिकलेय मी."

"मग?"

"मग जूनमध्ये काय दाखवू?"

मी तिच्यापुढे आणखी शेंगा ओतल्या.

सभा शनिवारी भरली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, नेहमीसारखे. आमच्यात हात वर करून मोजणी होत नाही. गप्प बसायचं, सगळ्यांचं मन घेतलं की चिटणीस तिथल्या तिथं ठराव लिहून वाचते. एकाचंही मन घेत नसेल तर गोष्ट थांबते, पण त्यानं उठून कारण सांगायचं असतं.

चिटणीस म्बोने उठली आणि म्हणाली, एक बाई तिच्याकडे आली होती. वही बाहेर जायला तिचं मन घेत नाही. नाव सांगू नको म्हणाली.

मास्तर म्हणाले, आपल्यात मागून बोलायची रीत नाही, जी कोणी असेल तिनं उठून सांगावं. कोणी उठलं नाही. कारण सांगायचं म्हणजे वहीतलंच सांगायचं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. छपराचा पत्रा उन्हानं तडतडत होता. माना हळूच वळायला लागल्या. खोटं कशाला सांगू, मीही मनातल्या मनात यादी करायला लागले. हिची धाकटी कोणासारखी दिसते, ती त्या वर्षी माहेरी का राहिली.

मास्तर काही वाईट माणूस नाहीत. मुहोंजा त्यांची लाडकी विद्यार्थिनी, तिचं नुकसान त्यांना बघवत नव्हतं. ते म्हणाले, "कोणी बोलू नका. ज्या बायांचं मन घेतं त्यांनी फक्त उभं राहावं."

त्यांना वाटलं, ही सोपी वाट. मला मात्र वेगळंच दिसत होतं. सगळ्या उभ्या राहिल्या की बसलेली एकटी दिसणार.

विनंती मुहोंजाची, म्हणून ती पहिली उठली. मग पुढचं बाक उठलं, मग दुसरं. गुडघा धरून मीही उठले. उठणं मागे मागे सरकत गेलं. शेवटच्या बाकावर पाच-सहा म्हाताऱ्या उरल्या, बाकाची कड घट्ट धरून. मुहोंजानं मागे वळून पाहिलं, नजर लगेच काढून घेतली आणि खाली बसली.

"मुहोंजा, विनंती तुझीच आहे," मास्तर म्हणाले.

"होय मास्तर. आता माझंच मन घेत नाही."

"कारण?"

"विचारू नका."

बसायला काय लागतं? पण आमच्यात तोंडानं खोटं बोलायचं नाही, तसं अंगानंही नाही. माझं मन तर मघाशी घेत होतं. उभ्याउभ्या आत शोधलं. मघाची ती यादी आठवली. मग नाहीच घेतलं. मी बसले. शेजारची कादेन्यी पुटपुटली, "माझं तर वहीत काहीसुद्धा नाही," जणू कोणी तिचा अपमानच केला होता. थोडा वेळ उभी राहिली आणि बसली. बाकं कुरकुरत राहिली. तिघी उभ्याच राहिल्या, त्यांचं मन खरंच घेत होतं. त्यांना कोणी काही म्हटलं नाही. बाकी आम्ही इतक्या बसलो होतो की आधीपासून कोण बसून होती ते शोधायचं कुठे?

म्बोनेनं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "वही देण्यास सभेचं मन घेत नाही. कारण विचारलेलं नाही." मुहोंजा म्हणाली, बरोबर आहे.

पदवी गेली. वही पुन्हा मागायला ती आली नाही. आता काकामेगाला एका छोट्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि पहिल्या तासाला पोरांना त्या खोलीचं चित्र काढून दाखवते. म्बोने दोन वर्षांमागे वारली, ते नाव कोणाला न सांगता. ती बाई कोण होती ते मला आजही माहीत नाही. शेवटच्या बाकावरच्यांतल्या दोघी अजून आहेत, आमच्याबरोबर चहा पितात.

मुहोंजा सभेला आली की मास्तर तिला डॉक्टर म्हणून हाक मारतात. ती दर वेळी सांगते, "नाही मास्तर, झाले नाही." मास्तर मान खाली घालतात आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच म्हणतात.