भाऊजींना सायकल पसंत पडेना

देवाने माणूस घडवताना प्रत्येकाला बसायची सोय करून दिली. आमच्या धाकट्या दिरांच्या वेळी तेवढा तो विसरला. लग्न होऊन मी सोनपेठला आले तेव्हापासून भाऊजींना बूड टेकवून बसलेले पाहिले असेल तर ते फक्त सायकलवर, आणि तीही फिरत असायची. चहा ते अंगणात फेऱ्या मारत प्यायचे. जेवताना ताट हातात घेऊन चुलीपासून तुळशीपर्यंत चालत राहायचे, आणि वाढायला मला त्यांच्यामागे पळावे लागायचे. दाढी अर्ध्यावर टाकून गोठ्यात डोकावून यायचे, तोवर साबण वाळलेला असायचा. माझ्या लग्नाच्या पंगतीत ते बसलेच नाहीत, वाढायची भांडी घेऊन धावत राहिले, त्यामुळे माझ्या माहेरची माणसे मुलगा कामसू आहे म्हणून खूश झाली. माझा स्वभाव नेमका उलटा. मीठ मिठाच्या जागी आणि माणूस माणसाच्या जागी सापडले नाही की माझे डोके फिरते. जेवताना तरी बसत जा, असे मी नवी नवरी असतानाच त्यांना सुनावले होते. तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "वैनी, बसलो की मला मागून कोणीतरी धरून ठेवल्यावानी वाटतंय बघा."

एवढा चळवळ्या माणूस सायकल काढून गावोगाव भटकत असेल असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण भाऊजींची सायकल कुठेच जायची नाही. जेवढ्या जागेत दोन बाजा मावतील तेवढ्यात तिचा सगळा संसार. पुढचे चाक उचलून मागच्या चाकावर गिरकी घ्यायची, सीटवर पालथे पडून हातांनी पेडल मारायचे, दांडीवर उभे राहून दोन्ही हात सोडून द्यायचे, आणि घामाने न्हाऊन निघाल्यावर जिथून सुरुवात केली तिथेच उतरायचे. सासऱ्यांनी बाजारातून काही आणायला पाठवले तर पिशवी हँडलला लटकून त्यांच्याबरोबर गोल फिरत राही आणि संध्याकाळी रिकामीच घरी येई. एकदा मला राहवले नाही. मी म्हटले, "भाऊजी, एवढ्या वेळात तुमी गंगाखेडला जाऊन आला असता की!"

"जायाला यष्टी हाय की वैनी," ते म्हणाले. "सायकल काय जायासाठी असती का?"

खरी अडचण होती जमिनीची. त्यांच्या खेळाला लागायची सपाट, टणक जागा, आणि आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेते. सपाट म्हणावे असे एकच ठिकाण, ज्वारीच्या दिवसांत शेतात केलेले खळे. चोपून चोपून घट्ट केलेले, शेणाने सारवलेले, पण तिथे चप्पल घालून पाय ठेवायचा नाही, कारण धान्य येणार. भाऊजी विहिरीवर सायकलची दोन्ही चाके धुवायचे, चपला बांधावर काढायचे, खळ्याला हात लावून नमस्कार करायचे आणि मधोमध रोवलेल्या मेढीभोवती सुरू व्हायचे. आमचे सासरे, म्हणजे मामाजी, काठी घेऊन धावत आले. "खळ्यात सायकल? लाज हाय का?" भाऊजी फिरता फिरता म्हणाले, "चाकं धुतल्यात. बैल फिरतेत ते चालतंय, त्यांचे खूर कोण धुतंय?" मामाजी बराच वेळ काठी धरून उभे राहिले, पण सायकलला लागू होईल असा नियम त्यांना आठवेना. त्या वर्षी आमची मळणी गावात सगळ्यांच्या मागून झाली.

माझे माहेर चुडाव्याचे. मला माहेराहून आणायला भाऊजी फार हौसेने यायचे, आणि माझ्या आईला दिराच्या या मायेचे कोण कौतुक. ही माया चुडावा स्टेशनच्या सपाट फलाटावर होती, माझ्यावर नव्हती. पण आईचा आनंद कशाला घालवायचा म्हणून मी गप्प बसायची.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. अधूनमधून बंद पुकारला जायचा, यष्टी थांबायची, दुकाने मिटायची, आणि गावात दोन्हीकडची माणसे धास्तावून दाराआड बसायची. अशाच एका दुपारी भाऊजी घरात नाहीत हे लक्षात आले आणि सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, घर डोक्यावर घेतले. भाऊजी होते रिकाम्या डांबरी रस्त्याच्या मधोमध, गोल गोल फिरत. एवढा सपाट रस्ता एवढा मोकळा त्यांना पुन्हा कधी मिळणार? बंदोबस्तावरच्या हवालदाराने दरडावून विचारले, "कुणाच्या बाजूनं निघालास रे?" भाऊजी चाक न थांबवता म्हणाले, "मी कुठं निघालोय साहेब? हितंच तर हाय." हवालदाराने त्यांना सायकलसकट घरी आणून सोडले आणि आत्याबाईंना बजावले, "ह्याला बांधून ठेवा." आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला होता, तरी त्या म्हणाल्या, "दाव्याला ऱ्हाणारं असतं तर बांधलंच असतं की."

हे सगळे चालले होते ते दुसऱ्यांच्या सायकलींवर. भाड्याने देणाऱ्याने वाकड्या झालेल्या रिंगा पाहून त्यांना सायकल द्यायचे बंद केले. मग भाऊजींनी सुटे सामान गोळा करून एक सायकल कसून घेतली. फ्रेम एकीची, चाके दुसरीची, हँडल कोणा तिसरीचे. पहिल्याच मोठ्या गिरकीत ते सगळे आपापल्या दिशेला गेले आणि भाऊजी हात प्लास्टरमध्ये घालून घरी आले. त्या हातानेही ते अंगणात हेलपाटे घालत होते. तेव्हा त्यांनी ठरवले की आता घ्यायची ती पूर्ण तयार सायकल, एका आईच्या पोटची. मामाजींनीही, बहुधा प्लास्टर पाहून, कापूस विकला की सायकल घेऊन देईन असा शब्द देऊन टाकला.

नेमका त्याच वेळी सोनपेठच्या बाजारात एक सायकलवाला आला. दिवसरात्र सायकलवरून न उतरता मैदानात फिरत राहायचे हा त्याचा धंदा. जेवण सायकलवर, अंघोळ सायकलवर, केस कापून घेणेही सायकलवरच. लोक येऊन बघत, पैसे टाकत, निघून जात. भाऊजी मात्र तिथून हलेनात. जन्मात पहिल्यांदा त्यांना आपल्या जातकुळीचा माणूस भेटला होता. शेवटच्या दिवशी त्याने भाऊजींना रिंगणात बोलावले, त्यांची गिरकी पाहिली आणि म्हणाला, "खुदकी सायकल लेको आव, साथ रख लेतूँ." त्या दिवसापासून आमच्या घरात लहानथोरांना एक गोष्ट पक्की कळली. भाऊजींना मनासारखी सायकल मिळाली की भाऊजी घर सोडून जाणार.

कापूस विकला गेला होता आणि शब्द दिला होता, त्यामुळे नाही म्हणता येईना. मग सायकलीत खोडी काढणे सुरू झाले. परभणी, जिंतूर, मानवत, जिथे दुकान असेल तिथे मंडळी सायकल बघायला जायची आणि मुलगी बघून आल्यासारखी "कळवतो" म्हणून परत यायची. भाऊजींच्या तक्रारी निदान खऱ्या असायच्या. ब्रेकच्या सळ्यांमुळे हँडल पुरते फिरत नाही, मडगार्ड पायाला घासते, उलटे पेडल मारले तर सायकल मागे जात नाही. यावर जिंतूरचा दुकानदार वैतागून म्हणाला, "अहो, पण मागं कुठं जायचंय तुमाला?" बाकीच्यांच्या तक्रारींना मात्र धरबंध नव्हता. जन्मभर बैलगाडीत बसलेले मामाजी सायकलभोवती एक चक्कर मारून सांगत, "हिचं सीट मला नेक वाटंना." आमचे यजमान शाळेत मास्तर, ते म्हणत, येत्या वर्षात याहून चांगल्या येणार आहेत, घाई कशाला? आत्याबाई तर घराबाहेरही न पडता निकाल देत, "काळी नको, काळी आपल्या घराला लाभत न्हाई." आणि त्या काळात सायकल म्हटली की ती काळीच असायची.

मला ही खोडी काढायची कला कधी जमली नाही. काय ते एकदाचे होऊन जाऊ द्या, असे माझे मत, आणि ते मी बोलूनही दाखवले. त्यावर घरातले सगळे माझ्याकडे असे बघू लागले की मीच भाऊजींना हाकलायला निघाले आहे. खरे तर ते गेले असते तर मला रडूच आले असते. पण त्यांचे हाल मला बघवत नव्हते. आधी निदान ते फिरायचे तरी मजेत. आता नुसतेच फिरायचे. बोलता बोलता त्यांच्या मुठी हवेत हँडल धरायच्या आणि वळवायच्या, पुढ्यातले बोलणे कानावरून जायचे, वाढलेली भाकरी तशीच राहायची. आत्याबाई हे सगळे जात्यापाशी बसून बघायच्या.

मग एकदा आत्याबाईंचे डोळे दाखवायला आम्ही तिघे परभणीला गेलो. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातले आणि संध्याकाळपर्यंत अंधुक दिसेल असे सांगितले. त्यांचा हात धरून स्टँडकडे चाललो होतो, तोच भाऊजी एका दुकानासमोर थबकले. एरवी चालत राहणारा माणूस थांबला म्हणून मीही दचकून थांबले. दुकानाच्या पायरीवर एक लालभडक सायकल उभी होती. बुटकी, लहान चाकांची, जाड टायरची, उंच हँडलची. दांडीला मऊ गादी गुंडाळलेली आणि तिच्यावर इंग्रजीत नुसती बी, एम, एक्स अशी अक्षरे. ब्रेकला सळ्यांऐवजी बारीक तारा. मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, कॅरिअर नाही.

"पोरगं कितवीला हाय?" दुकानदाराने भाऊजींच्या मिशांकडे बघत विचारले. "संगं आणलं असतं तर उंची बघून दिली असती."

"आणलंय की," आत्याबाई म्हणाल्या. "हेच पोरगं."

दुकानापुढे फरशी होती. भाऊजी सायकलवर चढले, आणि मी त्यांना इतकी वर्षे बघत होते तरी असे कधी पाहिले नव्हते. हँडल वळवाल तिकडे वळत होते, पायाला काही अडत नव्हते, गुडघे कानाशी येत होते तरी सायकल त्यांच्याखाली जणू त्यांचीच म्हणून फिरत होती. उलटे जाण्याचा प्रश्न राहिला होता, तो त्यांनी तिला लगेच माफ केला. रस्त्यावरची माणसे जमली. भाऊजी मोठ्याने हसत होते. "काय करायलाय गं त्यो?" आत्याबाई मला विचारत होत्या. "मला नुसतं लाल लाल दिसायलंय." मी म्हटले, "फिरायलेत. लय छान फिरायलेत, आत्याबाई."

भाऊजी उतरले. दुकानदार कापड घेऊन सायकल पुसू लागला. आता ते घेतो म्हणणार म्हणून मी पिशवी सावरली. भाऊजींनी आईकडे पाहिले, सायकलकडे पाहिले, हँडलवरून हात फिरवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बरी हाय. पण घंटी न्हाई हिला."

आजवर हातात आलेल्या प्रत्येक सायकलची घंटी पहिल्यांदा काढून फेकणारा माणूस हे बोलत होता. मला क्षणभर काही कळेना, आणि मग एकदम कळले. घरातल्या सगळ्यांनी मिळून जेवढे त्यांना धरून ठेवले होते, तेवढेच त्यांनी स्वतःलाही धरून ठेवले होते. जायचे होते आणि जायला भीती वाटत होती. माझ्या आधी ते आत्याबाईंना कळले असावे, कारण त्यांना दिसत नव्हते, नुसता भाऊजींचा आवाज ऐकू येत होता.

त्या म्हणाल्या, "घंटी मी देते. देवातली काढून देते. पण ही घे."

"माय, अन्ना काय मनतील?" भाऊजींना वडिलांची आठवण झाली.

"मनू दे. घरात असा येरझाऱ्या घालून घालून सुकायलास. मला आंधळीला दिसतंय ते." त्यांनी हात पुढे करून हँडल चाचपले. "लाल हाय ना? लाल चालती आपल्याला. घे मनले ना."

जायच्या दिवशी सकाळी गल्ली दारात जमली. सायकलवाला त्या वेळी पाथरीच्या बाजूला कुठल्याशा जत्रेत होता, तिथवर भाऊजी सायकलवरच जाणार होते. मामाजींनी चाके अंगठ्याने दाबून पाहिली आणि ते आत गेले. यजमानांनी पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे खिशात कोंबली. मी दशम्या बांधून दिल्या. भाऊजी पाया पडले आणि पाठीला वळकटी बांधून सायकलवर बसले. बसले खरे, पण निघता येईना. दारासमोरच एक चक्कर मारली, मग दुसरी, मग आणखी एक. पोरे टाळ्या पिटू लागली. शेवटी आत्याबाईच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "आता सरळ जाय रे बाबा. गोल फिरून कोणी पोचत न्हाई."

भाऊजींनी एक पाय टेकला, दुसरा हँडलवरून पलीकडे टाकला, आणि ते हँडलवर उलटे बसले, आमच्याकडे तोंड करून, आणि पेडल मारायला लागले. सायकल पाथरीच्या वाटेला सरळ निघाली आणि भाऊजी आमच्याकडे बघत बघत लांब जाऊ लागले.

"अरे फुडं बघ!" आत्याबाई ओरडल्या. "फुडून यष्टी येईल! फुडं बघ की रं!"

"दिसायलंय माय!" भाऊजी तिकडून ओरडले. "सगळं दिसायलंय मला!"

पाठीमागचा रस्ता त्यांना काय दिसणार होता? दिसत होतो ते आम्ही, दार, दारातली त्यांची आई. वळण येईपर्यंत त्यांचे तोंड आमच्याकडेच होते. मग लाल ठिपकाही दिसेनासा झाला, तरी आत्याबाई दोन्ही हातांनी डोळ्यांवर सावली धरून उभ्या होत्या आणि आता फक्त मलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणत होत्या, "फुडं बघ बाबा. फुडं बघ."