ड्रॉवरमधल्या बँडने सांगितलेली आईची झोप

भुतंखेतं, भास, संकेत... यातलं काहीही मी मानत नाही. माझं पोटच मुळी टेस्टिंगवर चालतं. आणि हे लिहिताना मला भीती नाही, लाज वाटतेय — तेवढं आधीच सांगते.

बेंगळुरूला कोरमंगलात एका छोट्या कंपनीत मी आहे. मनगटावर बांधायचे फिटनेस बँड आम्ही बनवतो. राहते के. आर. पुरमला, वन बीएचकेत. बाबा गेल्यावर आई साताऱ्याहून माझ्याकडे आली. आम्ही दोघी एकाच पलंगावर झोपतो. रोज सकाळी तिचं एकच — "रात्रभर डोळ्याला डोळा नाही गं." शेवटी मी तिला आमचाच बँड बांधला. रिपोर्ट काय? सात तास झोप, त्यात दोन तास गाढ!

"आई, चांगली झोपतेस की," मी म्हणायचे. ती उठून अंथरूण आवरायला लागायची.

एका सकाळी ती खालच्या मजल्यावरच्या कन्नड अक्कांना मोडक्यातोडक्या हिंदीत झोपेचं सांगत होती. मला उशीर झालेला, डोकंच फिरलं. मोबाईल अक्कांच्या नाकासमोर धरला. "बघा, किती झोपते ती! उगाच नाटकं." अक्का "सरी, सरी" — बरं, बरं — म्हणत हसल्या. आईने तिथेच बँड सोडून माझ्या हातात दिला. तो मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुलूप लावलं. संध्याकाळी त्याची बॅटरी संपल्याचंही अ‍ॅपवर आलं.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना अ‍ॅपवर आईचा रिपोर्ट! जाग १२.५०. झोप २.१५. जाग ३.०५, ते थेट उजाडेपर्यंत. टेबलावर नुसता ठेवलेला बँडही कधीकधी झोप दाखवतो, हे आम्हाला माहीत आहे. पण बंद पडलेला?

तेवढ्यात चतुर्थी कधी ते बघायला कॅलेंडरपाशी गेले. आजच्या चौकोनात आईचं बारीक अक्षर — "१२.५० जाग. २.१५ डोळा लागला. ३.०५ जाग." मोबाईलवरचेच आकडे! मागचे चौकोनही असेच भरलेले.

"हे काय गं?"

"रात्री पडल्या पडल्या घड्याळ बघायचे, सकाळी उठून लिहायचे. तुला दाखवणार होते, मग धीरच झाला नाही."

"मला उठवायचं ना!"

"तुला ऑफिस असतं. म्हणून मी कूससुद्धा बदलत नाही."

कूससुद्धा बदलत नाही! न हलता पडून राहिलेला माणूस बँडला झोपलेला वाटतो — हा दोष कंपनीत मीच नोंदवला होता, स्वतःच्या नावाने. आईच्या वेळी तो आठवलाही नाही मला.

ऑफिसात बँड कुलपातच होता, बंद. चार्ज करून तपासला... त्या रात्रीची एकही नोंद त्यात नाही. मग रिपोर्ट आला कुठून? टीममधल्या कुणालाही आजवर सांगता आलेलं नाही.

संध्याकाळी मी आईसमोर मोबाईल धरला. "चुकलं माझं, आई. तू खरंच बोलत होतीस. हे बघ, यातही तेच आलंय."

तिने चष्मा लावून नीट वाचलं आणि मोबाईल परत दिला.

"म्हणजे आत्ताही यानेच सांगितलं, तेव्हा पटलं तुला," ती म्हणाली, आणि कुकरखालचा गॅस बारीक करायला उठली.