शेपूट नसतं त्यांना

दर गणपतीत, लंडनमधल्या हॅरोच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये, एक बाई मला हमखास विचारायच्या, "काय हो, लेक अजून माकडांच्या मागेच का?" त्यांचा मुलगा डेंटिस्ट. माझा नवरा लगेच मोदकांचा विषय काढायचा आणि मी आतल्या आत फणफणायचे.

लेक इथेच जन्मलेली. शिकून थेट युगांडाच्या जंगलात गेली, चिंपांझींचा अभ्यास करायला. एकदा कॉलिंग कार्डावरच्या त्या खरखरत्या फोनवर मी म्हणाले, "मी येते तुझं काम बघायला."

ती हसलीच. "आई, इट्स प्रॉपर स्टीप. तुझा गुडघा बघ ना. आणि मी कामावर असणार, तुझ्यासाठी कोणी थांबणार नाही. मागे राहिलीस तर गाइड तुला खाली परत आणणार. पर्मिट एकच दिवसाचा असतो."

झालं. मला नको म्हटलं की मी करणारच. मोडेन पण वाकणार नाही ही आमच्या माहेरची खोड, आणि आता ती गुडघ्यातही उतरली होती.

त्या हिवाळ्यात ऑफिसातून आले की सॅकमध्ये बासमतीच्या दोन पिशव्या टाकायच्या आणि हॅरोच्या टेकडीवर चर्चपर्यंत चढायचं. पाऊस असो, वारा असो. शेजारच्या म्हातारीने एकदा मला थांबवून कळवळून सांगितलं, "शॉप्स आर डाउन द हिल, लव्ह." नवरा म्हणायचा, "अगं, एवढा फिरवलास तो तांदूळ, आता शिजव तरी."

युगांडात सकाळी निघालो. सगळ्यांत पुढे लेक, मागे चार पर्यटक, मग मी आणि माझ्या मागे गाइड. तांबडा चिखल, अंगावर येणारा चढ, आधाराला धरावी ती वेल काटेरी. आमची हॅरोची टेकडी म्हणजे याच्यापुढे घरातला उंबरठाच. अर्ध्या वाटेत वरून आरोळ्या ऐकू आल्या, एकाची संपते न संपते तोच दुसऱ्याची, आणि लेक धावतच सुटली. बाकीचे तिच्या मागे. तिने एकदाच वळून पाहिलं. मी हातानेच 'जा' म्हटलं.

गुडघा ठणकत होता. गाइडने विचारलं, खाली जायचं का? मी नकारार्थी मान हलवली, काठी त्याच्या हातात दिली आणि दोन्ही हात जमिनीला टेकून चढायला लागले. हो, चक्क रांगत. मुळं धरून, दुखरा पाय मागून ओढत. लाज कुणाची वाटणार? त्या बाई हॅरोत होत्या.

पोचले तेव्हा चिंपांझींजवळ थांबायला मिळणारा आमच्या वाट्याचा एक तास संपत आला होता. लेक खाली बसून टिपणं काढत होती. मला बघून तिचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने माझा चिखलाने बरबटलेला हात धरून मला शेजारी बसवलं. समोर झाडाखाली एक म्हातारी चिंपांझीण पाय पसरून निवांत बसली होती आणि एक तरुण मादी तिच्या पाठीवरचे केस एकेक करून निवडत होती.

"ती आजी आहे," लेक कुजबुजली, "आणि ही तिची मुलगी. मघाशी ओरडली ना, ती हीच."

अख्ख्या जंगलातला आवाज अन् आवाज तिच्या ओळखीचा. पुढे कुठून जायचं, हे गाइडसुद्धा तिलाच विचारत होता. जिचा हात धरून मी रोज शाळेसमोरचा रस्ता ओलांडायचे, ती ही पोर! ऊर भरून आला. लेकीचा अभिमान वाटला, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःचा जरा जास्तच वाटला. उतरताना ती भेटेल त्याला सांगत होती, "धिस इज माय मम. शी मेड इट."

पुढच्या गणपतीत त्या बाई आल्याच. "काय हो, लेक अजून माकडांच्या मागेच का?"

नवऱ्याने मोदकांच्या ताटाकडे पाहिलं.

"माकडं नव्हेत, चिंपांझी," मी म्हणाले. "शेपूट नसतं त्यांना."

"तुम्हाला हो काय माहीत?"

"म्हणजे काय? लेकीच्या शेजारी बसून बघून आलेय. तुम्ही गेलात का कधी, तुमचा मुलगा दात कसे काढतो ते बघायला?"

नवऱ्याने न विचारता माझ्या पानात आणखी दोन मोदक वाढले.