हिरव्या पडद्यामागचा ड्रायव्हर

ती दुपार आठवली की माझा चहा आजही तसाच गार होतो आणि समोरच्याला पूर्ण हकीकत ऐकवल्याशिवाय मी सोडत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एका कॉम्प्युटरची चौकशी करताना छातीत जी धडधड झाली ती पुन्हा कधी झाली नाही. बायको म्हणते, झाली यांची सुरुवात. म्हणू द्या.

पांढुर्णा नुकताच जिल्हा झाला होता आणि मी तिथे ठाणा प्रभारी होतो. राज्य हिंदी आणि गाव सीमेवरचं, म्हणून आमच्या ठाण्यात कागद सारे हिंदीत आणि बोलणं सारं मराठीत. संत्र्याचा हंगाम होता, वार शनिवार. एका संत्रा व्यापाऱ्याच्या घरचे आणि आवारातले मजूर सगळे जामसांवलीला दर्शनाला गेले होते. परत येऊन पाहतात तर अंगणातली भरलेली पिकअप गायब! राखणीला मागे राहिलेला ड्रायव्हरही गायब, फोन बंद. व्यापारी ठाण्यात आला आणि टेबलावर हात आपटून सांगू लागला की ड्रायव्हरनंच दगा दिला.

तेवढ्यात आमच्या मुखबिराचा, म्हणजे खबऱ्याचा, फोन आला. जामसांवली फाट्यावर त्याचं चहाचं दुकान. त्यानं पिकअप जाताना पाहिली होती, आणि चालवणाऱ्याच्या तोंडाला ड्रायव्हरच्या गळ्यात नेहमी असणारा तो लाल दुपट्टा बांधलेला होता. माझा उपनिरीक्षक खूश झाला. त्यानं रिपोर्टचा कच्चा मजकूर तयार केला, संदेहीच्या, म्हणजे संशयिताच्या, जागी ड्रायव्हरचं नाव टाकलं आणि नागपूरच्या बाजूला पोलिसांची पार्टी पाठवायची परवानगी मागायला माझ्यासमोर उभा राहिला.

त्याच वेळी ड्रायव्हरची बायको आली. कुठल्यातरी वावरातून कापूस वेचता वेचता उठून आली असावी, ओटीला अजून कापूस चिकटलेला. ती रडली नाही, की तिनं हातही जोडले नाहीत. माझ्यासमोर उभी राहून एवढंच बोलली, "साहेब, थो गाडी चालवतानी दुपट्टा कधीच बांधत नाही. त्याले दम कोंडते. दुपट्टा बांधून जो गेला थो माहा माणूस नाही. माह्या माणसाले काहीतरी झालं हाय."

उपनिरीक्षक म्हणाला, बायका नवऱ्यासाठी असंच बोलतात. बोलतात, हे खरं. पण खोटं बोलणारी बाई नवरा किती चांगला आहे ते सांगते, त्याचा दम कोंडतो हे सांगत नाही. आणि ती म्हणत होती ते खरं असेल, तर आम्ही चोर शोधत बसणार आणि तिकडे एक माणूस जिवाला मुकणार. मी टोपी उचलली आणि थेट व्यापाऱ्याच्या घरी गेलो, कारण त्याच्या अंगणात कॅमेरे होते.

कॅमेरे होते, पण चित्र बघाल तर काय? गाडीवर रोखलेल्या दोन्ही नव्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग लावलं की वरची एक पट्टी स्वच्छ, आणि खाली सगळा हिरवा-राखाडी चिखल. मधूनच एखादा हात दिसल्यासारखा व्हायचा आणि विरघळायचा. व्यापारी म्हणाला, चोरांनी कॅमेरे बिघडवले. कॅमेरेवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, डिस्क गेली, फॉरमॅट मारा. मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचे लोक गच्चीवर आले. कोणी हात लावायचा नाही! आधी पंचांसमोर त्या फाइलींची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली, सील केली, मग चौकशीला बसलो.

व्यापाऱ्याची सून कॉलेजात गणित शिकवायची. हे सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर तिनंच बसवलं होतं. मी तिला म्हटलं, सूनबाई, आपण याला आरोपी समजून प्रश्न विचारू, एका वेळी एकच. पहिला प्रश्न, जुन्या कॅमेऱ्यांचं चित्र कसं आहे? स्वच्छ. मग डिस्क गेली कशी म्हणायची? दुसरा, वरच्या पट्टीतलं घड्याळ चालू आहे का? सेकंदही न अडखळता चालू. तिसरा, हिरव्या फाइलीचं वजन? चांगलं भरलेलं. मी खुर्चीवरून उठलोच. म्हणजे साक्षीदार सगळं बोलून मोकळा झालाय, आपल्यालाच ते ऐकू येत नाही!

सूनबाईचे डोळे चमकले. ती म्हणाली, कॅमेरा चित्र दाबून, घडी घालून पाठवतो. ती घडी उलगडायचं काम कॉम्प्युटरवर भार नको म्हणून मी ग्राफिक्स चिपकडे दिलंय. चिप जुनी आहे. पण नवे कॅमेरे मी जुन्याच घडीवर लावले होते, मग तिला जड का जावं? तिनं कॅमेऱ्याची सेटिंग उघडली आणि सासऱ्यांकडे वळून पाहिलं. सासरे चष्मा पुसू लागले.

झालं असं होतं की व्यापाऱ्यानं जन्मभर संत्री छाटली. मोठा दाणा पहिल्या नंबरात, लहान दाणा खाली. कॅमेऱ्याच्या यादीत घडीच्या जुन्या-नव्या पद्धतींचे दोनशे चौसष्ट आणि दोनशे पासष्ट असे दोन आकडे दिसले, तर त्यानं मोठा निवडला, बाकीही सगळं वरच्या प्रतीचं करून ठेवलं. "नंबर एकचा माल घेतला म्हनलं, वापरू कावून नाही?" तो पुटपुटला. नव्या पद्धतीची ती घडी त्या जुन्या चिपला उलगडताच येत नव्हती.

मग चिपला बाजूला करायचं ठरलं. सूनबाईनं हार्डवेअर डिकोडिंग बंद केलं. पुन्हा हिरवं! ड्रायव्हर अपडेट केला (हा कॉम्प्युटरचा ड्रायव्हर, आमचा नव्हे). हिरवंच. माझा पारा चढला, बाहेर ती बाई, ठाण्यातून माझ्यामागोमाग आलेली, पायरीवर बसून होती. इतक्यात सूनबाईच्या ध्यानात आलं की आपण फक्त थेट चित्राचं बटण बंद केलंय, जुनं रेकॉर्डिंग पाहण्याचं बटण वेगळं आहे. तेही बंद केलं, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. पंखा घरघरायला लागला, सगळा भार मुख्य प्रोसेसरवर आला, चित्र अडखळत अडखळत चालू झालं. पण काय चित्र! अंगणातल्या तुळशीचं पान न् पान मोजून घ्यावं इतकं स्वच्छ.

दोन माणसं. एकानं मागून ड्रायव्हरच्या डोक्यात लाकूड घातलं. दोघांनी त्याला उचलून पिकअपमध्ये मालावर टाकलं आणि वर रिकामे कॅरेट रचून ताडपत्री ओढली. मग एकानं खाली पडलेला लाल दुपट्टा उचलला आणि तोंडाला बांधायच्या आधी सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. व्यापारी किंचाळला, "हा तं माहा जुना ड्रायव्हर! मागच्या हंगामात काढला होता मी याले."

टाळी वाजवायची इच्छा झाली होती, खरं सांगतो. पण कॅरेटखाली माणूस होता. जुन्या ड्रायव्हरची सासुरवाडी रामाकोन्याकडची निघाली. नागपूरला निघायला तयार असलेली पार्टी मी तिकडे पाठवली, सौंसर ठाण्याला कळवलं आणि स्वतः गाडीत बसलो. रामाकोन्याच्या पुढे एका संत्र्याच्या बगीच्यात पिकअप सापडली, ते दोघेही तिथेच नंबरप्लेट काढत बसलेले. पंपाच्या खोलीत आमचा माणूस हातपाय बांधलेला, डोकं रक्तानं माखलेलं, पण श्वास चालू होता. डॉक्टर नंतर म्हणाले, उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

पुढे कितीतरी जबाब घेतले. एखाद्याचं बोलणं तुटक, विस्कळीत वाटलं की मी आधी ऐकणाऱ्याकडे बघायचो, म्हणजे बहुतेक वेळा स्वतःकडेच. त्या दिवशी कॉम्प्युटरमध्ये जे अडलं होतं, तेच माझ्या ठाण्यातही अडलं होतं. बाईनं सगळं स्वच्छ सांगितलं होतं.

दवाखान्यातून ती ठाण्यात आली तेव्हा उपनिरीक्षकानं रिपोर्ट नव्यानं लिहिला होता. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मला नवऱ्याचं नाव कुठं लिहिलंय ते दाखवायला सांगितलं. मी तिचं बोट धरून त्या जागी टेकवलं आणि म्हटलं, इथं, पीडित म्हणून.

"म्हंजे चोर नाही नं लिवला?"

नाही, मी म्हणालो. तिनं बोट तिथून काढलं नाही. दुपारपासून एकदाही न रडलेली ती बाई मग माझ्या टेबलावर डोकं टेकवून रडली, आणि मी कोणालाही तिला उठवू दिलं नाही.