डी. एन. अण्णांचा जिना

चहा येईपर्यंत सांगतो. पण हसायचं असेल तर तोंडावर हसा हं! पाठीमागे हसणारे कराडात भरपूर झालेत.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. घर दिसतं कसं ते आर्किटेक्ट बघतो, पडत कसं नाही ते मी बघतो. आणि माझं सगळ्यात देखणं काम म्हणजे डी. एन. अण्णांच्या बंगल्यातला गोल जिना. अण्णांचं नाव धोंडीराम नामदेव, पण अख्खं गाव डी. एन. अण्णाच म्हणतं. दोन लोखंडी पट्ट्या पीळ घेत वर गेलेल्या, दोन्हींच्या मध्ये पायऱ्या. आधाराला खांब नाही, काही नाही! आल्यागेल्याला अण्णा आधी जिना दाखवायचे, मग पाणी विचारायचे.

त्या दिवशी मी एका साइटवर उभा. शेजारी मिक्सर घरघरतोय. फोन वाजला. कॉलेजातल्या कुणी मॅडम.

"सर, डी. एन. ...च्या स्ट्रक्चरबद्दल बोलायचं होतं." एन.च्या पुढचं मिक्सरनं खाल्लं.

"बोला की! जिना ना?"

"हो हो, पिळाचा जिनाच म्हणा! तर पीळ सैल पडला की ताण येतो, आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून सुटायला लागतात."

"सुटायला लागल्या?"

"हो ना. मधले जोड तसे कच्चेच की!"

कच्चे? माझे जोड?

"मॅडम, आत्ता तिथं माणसं आहेत?"

"हॉल भरलाय! सगळे तुमचीच वाट बघतायत. लवकर या."

आता कॉलेजातल्या बाईंचा अण्णांच्या जिन्याशी काय संबंध, हा प्रश्न मला पडायला हवा होता की नाही? नाही पडला! मला फक्त जिना पडताना दिसत होता.

स्लॅबखाली टेकू म्हणून लावतात ते लोखंडी जॅक टेम्पोत टाकले, दोन गडी घेतले आणि सुटलो.

बघतो तर बंगल्यासमोर मांडव. अण्णांच्या लेकीचा साखरपुडा! आणि आत? फोटोसाठी दोन्हीकडचे पाहुणे जिन्यावर! पायरीपायरीला माणूस, आणि सगळ्यात वर विट्याचे व्याही, फेटा सावरत.

"उतरा!" मी बोंबललो. "आधी उतरा! नको, थांबा! हलू नका! एकेकानं पळा! हळू पळा!"

"आरं, काय झालं रं इंजिनियर?" अण्णा धावत आले.

"अण्णा, पट्ट्या सुटाय लागल्यात!"

झालं! एक मामी पेढ्यांच्या ताटासकट घसरत खाली. फोटोवाला मांडवाबाहेर. बाकीचे कुणाच्या खांद्यावरून, कुणाच्या पदरावरून उतरले. व्याही मात्र वरच. कठड्याला मिठी मारून!

माझे गडी जिन्याखाली जॅक लावायला लागले. मीही खांदा दिला. "आवळा! अजून आवळा!"

वरून व्याही गरजले, "आमी विट्याची गलाईवाली माणसं! जल्मभर सोनं गाळलं, पारखलं. आन् ह्या घराला साधा इंजिनियर पारखता येत न्हाई? कशाला करायची असली सोयरीक?"

अण्णांचा चेहरा पांढराफटक. नवरी रडायच्या बेतात. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. माझे दोन्ही हात जॅकवर. अण्णांनीच खिशातून काढून स्पीकरवर टाकला.

"सर, कुठं आहात? मुलं कंटाळलीत. डीएनए सुरू करायचा ना?"

"डी. एन. अण्णाच बोलतोय. माझं काय सुरू करायचंय?"

"तुमचं नाही हो काका! डीएनए! पेशीतला! आईबापाकडून लेकरांत येतो तो. तो पिळाच्या जिन्यासारखा असतो. ताण दिला की त्याचं काय होतं, ते मुलांना सांगायला इंजिनियर बोलावलाय आम्ही. गेल्या आठवड्यात हो म्हणाले होते सर!"

"आन् कुणाच्या अंगात असतोय ह्यो जिना?"

"सगळ्यांच्याच की! तुमच्या, माझ्या."

अण्णांनी एकदा स्वतःच्या पोटाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "मग माझ्या अंगातला सुटला व्हय रं?"

मी तोंड उघडणार, तोच जिन्याखालून 'कट्ट' असा आवाज आला. माझा गडी इमानदारीत जॅक आवळतच होता! ठणठणीत जिन्याची एक पायरी खालून रेटून त्यानं जोडापासून उखडली. माझ्या डोळ्यांदेखत.

वर आधी कुणीतरी खोकल्यासारखं वाटलं. ते व्याही हसत होते! हसता हसता फेटा सुटला, तरी थांबेनात. "अण्णा, सोयरीक पक्की! असला एक माणूस लग्नात पायजेच. बँड लावायची गरज न्हाई!"

पाहुणे जेवायला बसले आणि अण्णांनी माझं मनगट धरलं. "चल. मला माझ्या अंगातला जिना बघायचाय."

तसाच सिमेंटच्या कपड्यांत कॉलेजात गेलो. डीएनए फळ्यावर काढून दाखवला. मधला एकेक जोड नाजूक, पण असंख्य जोड मिळून दोन्ही पट्ट्या धरून ठेवतात. पीळ जास्त झाला तर सुतळीसारखा तो स्वतःभोवतीच गुंडाळला जातो. चांगलं चाललं होतं हो! मॅडमही मान डोलवत होत्या.

मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, पेशीत हा एवढा पिळतो, उघडतो, पुन्हा मिटतो. तरी सारखा मोडत कसा नाही?"

मी खडू फिरवत उत्तर जुळवतोय, तोवर मागच्या बाकावरून अण्णांचा आवाज आला,

"आगं पोरी, त्येला वाचवाय ह्यो कुठं गेलाय अजून!"