भट्टीसमोर टिकणारी सहरी

माझी धाकटी जाऊ बेकरीत पावाच्या भट्टीवर काम करते. घरात तिला सगळे 'तराजू' म्हणतात, कारण मीठसुद्धा ती चिमटीने टाकत नाही, तोलून टाकते. नऊ वर्षं पिशव्या भरल्या, पीठ मळलं, तेव्हा कुठे भट्टी तिच्या हाती आली.

यंदा रमजानच्या चौथ्या रोजाला दुपारी भट्टीसमोर गरगरून ती गुडघ्यांवर कोसळली. पावाचा अख्खा ट्रे फरशीवर. ती सावरून बसल्यावर मुख्य कारागीर म्हणाला, "बाई, परत एकदा डोललीस तर पिशव्यांच्या टेबलावर जायचं. समोर विस्तव आहे, मी जोखीम घेणार नाही." त्याचंही खोटं नव्हतं.

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि हात कपाळाला लावला. "रोजे राहू दे. अडलेल्याला सूट आहे, मागाहून भरून काढता येतात."

"आजारी असते तर सोडले असते, अम्मी. माझं खाण्यात काहीतरी चुकतंय." मग माझ्याकडे वळून, "भाभी, तुमची वही बघू जरा."

माझ्या वहीत सगळंच असतं. काय शिजलं, कुणी काय खाल्लं, कुणाची नमाज वेळ टळून कझा झाली. तिने चार सहऱ्यांची, पहाटेच्या खाण्याची, पानं काढली आणि प्रत्येकासमोर पेन्सिलीने लिहिलं, गरगरायला किती वाजता लागलं. पहिल्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी साडेअकरा. चौथ्याला अकरा, आणि एक वाजता पडली. दुसऱ्या रोजाला मात्र काहीच नाही.

"त्या दिवशी मी काय खाल्लं होतं?"

मी वाचून दाखवलं. रात्रीची उरलेली मसूर, दोन अंडी, वाटीभर दही. त्या पहाटे मीच तिला हलवून उठवलं होतं आणि शेजारी बसून खायला लावलं होतं. एरवी बाईसाहेब शेवटच्या दहा मिनिटांत उठणार, बेकरीतून आणलेला उरलेला पाव गोड चहात बुडवणार आणि वर तांब्याभर पाणी घटाघटा पिणार.

तिने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "भाभी, यीस्ट जास्त टाकलं की पीठ भसाभसा वर येतं आणि मध्येच बसतं. थंडाव्यात रात्रभर ठेवलेलं हळूहळू फुगतं, पण उभं राहतं. मी पोटाला रोज घाईचं पीठ देतेय."

"म्हणजे पाववालीच पाव खाऊन पडली," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर सांगू नकोस, गिऱ्हाईक तुटेल."

त्याच संध्याकाळी इफ्तारनंतर तिने जवाचा भरडा मऊ शिजवून फ्रीजमध्ये ठेवला, अंडी उकडून ठेवली, शेंगदाणे भाजून कुटले. पहाटे फक्त दही कालवायचं, वर कूट आणि दोन खजूर. दहा मिनिटं पुरतात. पाणी मात्र इफ्तारपासून झोपेपर्यंत थोडं थोडं. ती भरडा वाटीसकट वजनकाट्यावर ठेवायला लागली, तशा सासूबाई म्हणाल्या, "सहरीची बरकत आता ग्रॅममध्ये मोजणार का?"

"बरकत नाही, अम्मी. जव मोजतेय."

मलाही मनात एक टोचणी होती. भूक सोसायची म्हणून तर रोजा, मग ती लागू नये म्हणून एवढी खटपट कशाला? फजरच्या नमाजनंतर जानमाजवर बसून बराच विचार केला. सहरी खाणं हीसुद्धा सुन्नतच आहे, पैगंबरांनी घालून दिलेली रीत. मग ती झोपेत उरकण्यापेक्षा नीट मन लावून खाल्लेली काय वाईट?

पाचव्या रोजाला गरगर साडेबाराला आली. अंडं सोलायला वेळ नाही म्हणून तिने ते सोडलं होतं. सहाव्यापासून मी अंडी रात्रीच सोलून ठेवायला लागले. त्या दिवशी दोन वाजले, चार वाजले, पेन्सिलीला काम नाही.

सातव्याला मोठी ऑर्डर होती. कारागिराने पिशव्यांच्या टेबलाशी असलेलं एक स्टूल तिच्या मागे आणून ठेवलं आणि स्वतः तिथेच घुटमळत राहिला. तिने एकामागून एक चाळीस ट्रे काढले. तोंड कोरडं पडलं, पाय दुखले, भूक तर होतीच; पण गुडघे जागच्या जागी राहिले. स्टुलावर तिने घामाने भिजलेला एप्रन तेवढा टाकला.

शेवटचा ट्रे निघाल्यावर कारागिराने विचारलं, "पहाटे खातेस तरी काय?"

तिने सांगितलं. त्याने पुरतं ऐकून घेतलं, एप्रन तिच्या हातात दिला आणि स्टूल उचलून परत पिशव्यांच्या टेबलाशी नेऊन ठेवलं.